गवत बंद

माझा लॅपटॉप वजनाला इतका हलका आहे, की पर्समध्ये घातल्यावर मी तो घरीच विसरले की काय, अशी शंका येऊन मी पर्स पुन्हा उघडून बघते. दुकानातल्या माणसाने तो एका बोटावर तोलून दाखवला होता. "मॅडम, पापड आहे पापड," म्हणाला. ऑफिसचं काम, ईमेल, एम.कॉम.च्या नोट्स, एवढ्यासाठी पापड झकास. पण त्याच्यावर बंदुकांचा गेम सुरू केला की त्याला धाप लागते, आतला पंखा मिक्सरसारखा ओरडतो आणि पडद्यावरची माणसं चालायची सोडून उड्या मारत पुढे सरकतात.

तरी मी खेळते आणि भारी खेळते. हे स्वतःच सांगते आहे, कारण आता दुसरं कोणी सांगणार नाही.

पापडावर गेम चालवायचा तर काटकसरीचा संसार करावा लागतो. रिझोल्यूशन खाली आणायचं. सावल्या बंद. ढग बंद, पाण्यातली प्रतिबिंबं बंद. भिंतींच्या कडा करवतीसारख्या दिसल्या तर दिसू देत. मागे उघडं असलेलं सगळं, अगदी ऑफिसचं चॅटसुद्धा, मिटायचं. लॅपटॉपच्या खाली हवा खेळावी म्हणून आईची पिठाची चाळण उपडी घालायची आणि टेबल फॅन थेट त्याच्या तोंडावर. आणि सगळ्यात शेवटी गवत. प्रत्येक काडी वाऱ्यावर हलताना दाखवायची म्हणजे हलक्या लॅपटॉपचं कंबरडंच मोडतं. मेनूत जाऊन मी गवत शून्यावर आणलं आणि पापड पहिल्यांदा सरळ धावायला लागला.

त्या दिवशी मी बघितलं, तर डोंगरउतारावर तीन माणसं उघड्यावर पोटावर पडलेली. मला कळेना, हे मूर्ख असे भर उन्हात का लोळतायत? मग डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या पडद्यावर तिथे कमरेएवढं गवत होतं. ते त्यांच्या मते लपले होते. माझ्या पडद्यावर नुसती तपकिरी जमीन आणि तिच्यावर हे तिघं, वाळत घातलेल्या पापडांसारखे.

यात झोल काही नाही. गेमच्याच मेनूतली सोय आहे आणि आमच्या स्पर्धेच्या नियमांत 'मेनूमधली कुठलीही सेटिंग चालेल' असं स्पष्ट लिहिलं होतं.

श्रेयसला मी हे तीनदा सांगितलं होतं. श्रेयस माझा जोडीदार. म्हणजे गेममधला, उगाच कोणी वेगळा अर्थ काढू नका. भांडुपच्या आमच्या जुन्या चाळीत त्यांची खोली आमच्या दोन दारं पुढे होती. दोघांचेही आजोबा मालवणहून गिरणीत आलेले. त्याच्या आईला ताप आला तर त्याचा डबा आमच्याकडून जायचा, आणि आमचा टीव्ही बिघडला की मी त्यांच्या पलंगावर मांडी ठोकून बसायचे. पुढे तो आयटीत लागला आणि त्याने लग्नाच्या वरातीतल्या डीजेसारखा दिवे लुकलुकणारा गेमिंग पीसी घेतला. त्याने आयुष्यात कधी काही बंद करून खेळलं नाही. सगळं चालू, सगळं फुल.

"श्रेयस, माझ्याकडे गवत दिसतच नाही रे, म्हणून मला माणसं दिसतात," मी सांगायचे.

"गवत-बिवत सोड गं निधे," तो म्हणायचा. "तुझी नजरच घारीची आहे."

मला घार म्हणवून घ्यायला आवडायचं. मग चौथ्यांदा सांगायच्या भानगडीत मी पडले नाही.

चाळीच्या जागी आता दोन इमारती आहेत. एक आमची, कागदावर 'पुनर्वसन', बोलण्यात 'रिहॅब'. जणू आम्हा सगळ्यांना दारू सोडवायला इथे आणून ठेवलंय. दुसरा टॉवर, बिल्डरने विकलेला. त्याचं गेट वेगळं, लिफ्ट वेगळी, आणि त्यांच्या क्लबहाउसमध्ये एक गेमिंग लाउंज. ते माझ्या सातव्या मजल्याच्या खिडकीतून काचेपलीकडे स्पष्ट दिसतं. काळ्या, उंच पाठीच्या खुर्च्या, भिंतीएवढे पडदे आणि बहुतेक वेळा आत कोणीही नाही. आम्हाला तिथे प्रवेश नाही. टॉवरचा कोणी माणूस सोबत असेल तर गेटवर 'गेस्ट' अशी नोंद करून जाता येतं. माघी गणपती तेवढा दोन्ही इमारतींचा एकत्र, कारण तो मुळात चाळीचा, आणि बिल्डरच्या करारात ते आमच्या काकालोकांनी भांडून लिहून घेतलं होतं.

यंदाच्या माघी गणपतीत कॅरम आणि संगीत खुर्चीच्या जोडीला गेमची स्पर्धा ठेवली. दोघादोघांच्या जोड्या. टॉवरच्या सांस्कृतिक समितीच्या चेतना मॅडमनी माइकवरून मोठ्या मनाने जाहीर केलं, "जिंकणाऱ्या जोडीला वर्षभर लाउंजची मेंबरशिप, मग ती कुठल्याही बिल्डिंगमधली असो!" टाळ्या पडल्या. रिहॅबमधलं कोणी जिंकेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून मन एवढं मोठं.

मला ती मेंबरशिप हवी होती. नुसती हवी नव्हती, हपापल्यासारखी हवी होती. मी हा गेम कधी बघितलेलाच नव्हता. मी त्याचा सांगाडा बघितला होता. त्यातले ढग, तळ्यावरचं ऊन, झाडाखालची सावली, सगळं मी दुसऱ्यांच्या व्हिडिओत बघायचे. एकदा त्या खुर्चीत बसून सगळं चालू करावं आणि कोणालाही न मारता नुसतं त्या गवतातून चालत जावं, असं माझ्या मनात होतं. हे मी श्रेयसलासुद्धा सांगितलं होतं. तो हसला नाही. "जाऊ की आपण," म्हणाला. त्या 'आपण'वर मी विसंबले.

आम्ही एकामागून एक जोड्या उडवत फायनलला पोचलो. आमची पद्धत ठरलेली. त्याच्या पडद्यावर सावल्या होत्या, म्हणून भिंतीआडचा माणूस तो सांगायचा. माझ्या पडद्यावर गवत नव्हतं, म्हणून पडलेला माणूस मी सांगायचे. सेमीफायनलनंतर टॉवरवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. त्यांच्यातला नितेश, जो आजवर माझ्याकडे लिफ्टच्या बटणाकडे बघावं तसं बघायचा, तो श्रेयसच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला घेऊन गेला. मला वाटलं, अभिनंदन करत असेल.

फायनल रविवारी सकाळी. चार जोड्या, एकच मैदान, ज्यांचा माणूस शेवटी जिवंत ती जोडी विजेती. प्रत्येकाने आपापल्या घरून खेळायचं आणि क्लबहाउसच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर टॉवरच्या एका दणकट मशीनवरून सगळ्यांना सामना दाखवायचा. नियम साधे. या गेममध्ये आपल्या माणसाची गोळीही लागते, म्हणून जोडीदाराच्या डोक्यावर हिरवा ठिपका दिसतो. भिंत असो, झाड असो, गवत असो, ठिपका त्याच्या वर तरंगताना दिसतोच, म्हणजे चुकून आपल्याच माणसाला मारू नये.

"गो निधी, चाळण खंय ठेवलंस? माका पीठ चाळूचा आसा," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"आई, आज पोळ्या उशिरा कर. प्लीज!"

आई दारात आली, चाळणीवर बसलेला लॅपटॉप बघितला आणि काही न बोलता पंखा जरा माझ्याकडेही वळवून गेली.

दोन जोड्या लवकरच बाद झाल्या. राहिलो आम्ही दोघं आणि समोर नितेश आणि त्याचा जोडीदार प्रीतम. हेडफोनमध्ये श्रेयसचा आवाज आला.

"निधे, मी टेकडीवर आहे. सगळं साफ आहे. तू गावातून ये, विहिरीच्या वाटेने."

गावातून जायचं माझ्या जिवावर येतं. तिथे घरं फार, एवढी घरं रंगवताना पापड अडखळतो. मी नेहमीच्या सवयीने गावाला वळसा घातला आणि कोरड्या ओढ्यातून टेकडीच्या मागच्या अंगाने वर चढले. श्रेयसला सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही, पापडाच्या सोयीने चालायची सवयच ती.

ओढ्याच्या काठावरून मी डोकं वर काढलं आणि मला ते दिसले.

उघड्या, तपकिरी उतारावर दोन माणसं पोटावर पडलेली. अगदी शेजारी शेजारी, सिनेमाला आल्यासारखी. दोघांच्या बंदुका खाली विहिरीच्या वाटेवर रोखलेल्या. डावीकडचा नितेश, त्याचं लाल जाकीट मी कुठेही ओळखते. उजवीकडच्याच्या डोक्यावर हिरवा ठिपका.

मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? मला वाटलं, श्रेयसला कळलेलंच नाही की शेजारी नितेश आहे. गवत दाट असणार, त्याला दिसत नसणार. माणूस आपल्या माणसासाठी किती पटकन सबबी शोधतो. मग नितेश जरा सरकला, आणि श्रेयसने त्याच्यासाठी जागा केली.

मी हळूच विचारलं, "श्रेयस, तुझ्या जवळपास कोणी आहे का?"

"कोणी नाही गं."

"नीट बघ. गवतात?"

"अगं गवतात पण कोणी नाही. शपथ. तू ये बिनधास्त."

चाळीत शपथ घेताना आम्ही गळ्याला चिमटा काढायचो. त्याने तिकडे काढला असेल की नाही, देव जाणे.

मी नेम धरला आणि नितेशला मारलं. एका गोळीत.

"आयला! कुठून मारलंस? दिसला कसा तुला?" श्रेयस ओरडला आणि धडपडत उठून माझ्याकडे वळला. आता समोर प्रीतम एकटा आणि आम्ही दोघं. काहीही झालं तरी अजून जिंकता आलं असतं. मी तेच म्हणायला तोंड उघडलं होतं, की झालं ते झालं, चल, त्या प्रीतमला शोधू. खरंच म्हणणार होते. एवढी मी येडी.

त्याने बंदूक उचलली आणि माझा पडदा लाल झाला. खाली नाव आलं. मारणाऱ्याचं नाव श्रेयस.

"सॉरी सॉरी सॉरी, निधे! गवतात दिसलीच नाहीस गं! मला वाटलं प्रीतम!"

पुढे श्रेयस प्रीतमच्या समोर एवढा सरळ चालत गेला, की शाळेच्या संचलनातसुद्धा कोणी इतकं सरळ चालत नाही. सामना संपला. पापड तापून स्वतःच बंद पडला.

मी चपला घालून थेट क्लबहाउसमध्ये गेले. फायनलचा दिवस म्हणून गेट आज सगळ्यांना उघडं होतं. श्रेयस माझ्या आधी पोचला होता, नितेशही होता, आणि हॉलभर माणसं वडे खात उभी होती.

"हे दोघं शेजारी शेजारी झोपले होते," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "मला मारायला."

चेतना मॅडमनी शांतपणे प्रोजेक्टरवर तो भाग पुन्हा लावायला सांगितला. लावला. टेकडी आली. तिच्यावर गवत, दाट, हिरवंगार, वाऱ्यावर डुलणारं. माणसाचा केससुद्धा दिसत नव्हता. मग एकदम नितेशचं नाव बाद झालं, गवतातून श्रेयस उठला, एक गोळी सुटली, माझं नाव बाद झालं. चुकून जोडीदाराला गोळी लागलेला एक बिचारा माणूस, बस. खरं तर मी ते गवत आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं बघत होते आणि ते सुंदर होतं. याचाही मला राग आला.

"होतं गं बाळा घाईत," आमच्याच इमारतीतले एक काका म्हणाले. त्यांनी आयुष्यात कॅरमच्या पुढे काही खेळलेलं नाही.

"ते जाऊ द्या," नितेश म्हणाला. "एवढ्या गवतातून मी हिला दिसलो कसा? काहीतरी झोल आहे ना? चीट वापरतेय ही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मी घाबरले नाही, कारण याचं उत्तर द्यायला माझा माणूस तिथे उभा होता. मी श्रेयसकडे बघितलं. त्याने नुसतं नेहमीचं वाक्य म्हणायचं होतं, तिची नजर घारीची आहे. तीनदा ऐकलेलं गवताचं आठवलं असतं तर आणखी चांगलं.

श्रेयसने खांदे उडवले. "काय माहीत, यार," तो म्हणाला. आणि वडा खाल्ला.

गोळी लागली तेव्हा मला राग आला होता, पण त्या वड्याच्या घासाने मी पार मोडले. बोलायला गेले असते तर रडले असते आणि टॉवरच्या हॉलमध्ये मला रडायचं नव्हतं.

मग चेतना मॅडम माइकपाशी गेल्या. विजेते नितेश आणि प्रीतम. टाळ्या. उपविजेत्यांचंही कौतुक. "आणि एक गोड बातमी! आपले उपविजेते श्रेयस आता आपल्याच टॉवरमध्ये राहायला येतायत. त्यांच्या आईबाबांनी अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. वेलकम टू द फॅमिली, श्रेयस!"

आमच्या इमारतीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी कोणाकडेच बघितलं नाही, घरी आले. आईला म्हटलं, चाळण घे तुझी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. आई देवळात गेली होती. तो नेहमीसारखा न विचारता आत आला आणि माझ्या पलंगाच्या कडेवर बसला.

"चिडलीस?"

त्याने पुढे केलेला पुडा मी परत त्याच्याच मांडीवर ठेवला.

"फ्लॅटचं सांगणारच होतो. बाबा म्हणाले, रजिस्ट्रेशन होईपर्यंत कोणाला बोलायचं नाही."

"मी 'कोणी' आहे का?"

"तसं नाही गं. आणि तो नितेश मागेच लागला होता. म्हणाला, रिहॅबवाल्यांना एकदा मेंबरशिप दिली की मग सगळी पोरं आत येणार. तू आता आमच्यातला, विचार कर. अख्खी फायनल तो दुसऱ्या कानात होता माझ्या." तो थांबला. आपण काय कबूल केलं ते त्याला कळायला एक क्षण लागला. मग घाईने म्हणाला, "पण तुझं काही नुकसान नाही त्यात. तुला मी कधीपण नेलं असतं ना. गेस्ट म्हणून."

गेस्ट. ज्याने आमच्या घरी माझ्या ताटात हात घालून भात खाल्ला, तो मला गेस्ट म्हणून नेणार होता. गेटवर वॉचमनला माझं नाव सांगून.

"आणि गोळीचं खरंच सॉरी," तो म्हणाला. "त्या गवतात तू खरंच दिसली नाहीस."

मी उठले. स्वयंपाकघरातून चाळण आणली, उपडी घातली, लॅपटॉप तिच्यावर ठेवला, पंखा लावला. गेम उघडला आणि एकटीच त्या मैदानावर उतरले. ओढ्यातून वर चढले आणि त्याच काठावर उभी राहिले. मग लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

समोर उतार होता. उघडा, तपकिरी, काडी नाही की पान नाही.

श्रेयस वाकून बघत राहिला. "ही कुठली जागा?"

"कालचीच. तुम्ही दोघं तिथे पडला होतात, त्या दगडापाशी."

"मग गवत कुठंय?"

"माझ्याकडे कधीच नव्हतं. तीनदा सांगितलं तुला."

पंखा घरघरत होता. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. त्याने शपथ घेतली तेव्हा मला सगळं दिसत होतं, हे त्याला समजलं. नितेशला जागा करून दिली तेही दिसलं होतं, हेही समजलं. त्याने पेढ्यांचा पुडा उगाच एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी तुला आधीपासून दिसत होतो," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो."

"दोघं एका नेमात होतो."

"हो."

"मग मला का नाही मारलंस आधी? जिंकली नसतीस, पण... मी तरी मारलं असतं."

"तुझ्या डोक्यावर हिरवा ठिपका होता ना," मी म्हटलं.

तो काहीतरी बोलणार होता. त्याला बोलू न देता मी विचारलं, "माझ्या डोक्यावरपण होता ना रे, श्रेयस?"